पायथ्याचें स्टेशन, माथ्यावरचें गांव

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणाऱ्या साध्या आगगाडींतून सुमारें सव्वा तासानें ओर्व्हिएतोच्या स्टेशनावर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाची पहिल्या क्षणीं थोडी फसगत होते. ज्या गांवाच्या भव्य देवालयाचीं चित्रें पाहून तो घरून निघालेला असतो, त्या गांवाचा तेथें मागमूसहि नसतो. समोर एक सामान्य चौक, दोनचार दुकानें, मोटारी उभ्या करण्याची जागा, एवढाच देखावा. मान वर केली म्हणजे मात्र गांव दिसतें. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या पिवळट तपकिरी खडकाचा एक प्रचंड ठोकळा खोऱ्यांतून सरळ वर उठलेला, आणि त्याच्या माथ्यावर कडेपर्यंत घरांची दाटी. स्टेशन पायथ्याला आणि गांव माथ्यावर! मध्य इटलींतील डोंगरी गांवांचा प्रवास स्वतःच्या मोटारीवांचून, आगगाडीनें व बसनें करूं इच्छिणाऱ्या माणसानें ही एक गोष्ट मनाशीं पक्की धरली, तर पुढील निम्म्या अडचणी त्याला आधींच दिसूं लागतात.

या रचनेचें कारण इतिहासांत आहे. यांपैकीं पुष्कळ गांवें इत्रुस्कन लोकांच्या काळापासूनचीं, म्हणजे रोमचें साम्राज्य उदयाला येण्यापूर्वींचीं. शत्रूपासून बचाव हा उंचावर राहण्याचा एक हेतु. दुसरा हेतु आरोग्याचा. खालच्या खोऱ्यांत दलदल आणि हिंवताप असे. कोर्तोना आणि मोंतेपुल्चानो यांच्यामधील किआनाचें खोरें तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पद्धतशीरपणें कोरडें केलें जाईपर्यंत वस्तीला फारसें योग्यच नव्हतें. पुढें आगगाडी आली ती सपाटी शोधीत, नदीच्या काठाकाठानें. एंजिनाला हे चढ झेपणारे नव्हते. म्हणून स्टेशनें खालीं राहिलीं. सह्याद्रीच्या गडांचा ज्यांना परिचय आहे त्यांना हें अधिक समजावून सांगावें लागत नाहीं. फरक इतकाच कीं, इकडे बहुतेक गड ओस पडले आणि पायथ्याचीं गांवें वाढलीं. तिकडे माथ्यावरची वस्ती अजून नांदती आहे.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाण्याची सोय प्रत्येक गांवानें आपापल्या परीनें केलेली आहे, आणि ती पाहणें हाहि प्रवासाचा एक आनंदच होय. ओर्व्हिएतोला स्टेशनासमोरूनच दोरानें ओढली जाणारी गाडी निघते. ती १८८८ सालीं सुरू झाली तेव्हां पाण्याच्या वजनावर चाले. वरच्या डब्याच्या टांकींत पाणी भरावयाचें, तो डबा वजनानें खालीं येऊं लागला कीं दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा आपोआप वर. १९७० सालीं ही गाडी बंद पडली. १९९० पासून ती विजेवर पुन्हां चालूं लागली. पेरूजियाला २००८ पासून लहान लहान डब्यांची, चालकावांचून धांवणारी ‘मिनीमेत्रो’ स्टेशनापासून वरच्या वस्तीपर्यंत जाते. शिवाय तेथें सरकते जिने आहेत, आणि ते जातात एका गाडल्या गेलेल्या मोहल्ल्यामधून. १५४० सालीं मिठावरील कराच्या भांडणांत पेरूजियाकरांनीं बंड केलें. तें मोडल्यावर तिसरा पोप पॉल यानें बंडखोर घराण्याचीं घरें व बुरूज पायाखालीं घालून त्यांवर किल्ला उभारला. किल्ल्याचा वरचा भाग पुढें नाहींसा झाला. खालच्या गल्ल्या तेवढ्या राहिल्या आणि आज त्यांतून लोक बाजाराला जातात-येतात. सिएनालाहि स्टेशनासमोरील बाजाराच्या इमारतींतून सरकत्या जिन्यांची एक लांबलचक मालिका गांवाच्या उत्तर वेशीकडे चढत जाते. असिसी आणि कोर्तोना येथें मात्र स्टेशनावरून बसच धरावी लागते. मोंतेपुल्चानोच्या बाबतींत नांवाला भुलूं नये. त्या नांवाचें स्टेशन गांवापासून बरेंच दूर खोऱ्यांत आहे. शहाणा प्रवासी क्यूझी स्टेशनावर उतरून तेथून बसनें जातो.

आतां ऋतूविषयीं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ या मुलखांत फार सुखाचा. उन्हाळ्याची काहिली आणि गर्दी ओसरलेली असते; द्राक्षांची तोडणी सप्टेंबरांत व ऑक्टोबरच्या आरंभीं आटोपते आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत ऑलिव्ह उतरविण्यास सुरुवात होते. झाडांखालीं जाळीं पसरलेलीं दिसतात, आणि नव्या तेलाची हिरवट, किंचित् तिखट धार भाजलेल्या पावावर घेऊन खाण्याचे दिवस येतात. परंतु मराठी कुटुंबांना सवड मिळते ती बहुधा मुलांच्या दिवाळीच्या सुट्टींत, आणि ती सुट्टी या सुखाच्या काळाच्या अगदीं टोकाला, कधीं त्याच्या पलीकडेहि पडते. नोव्हेंबर हा तेथील अत्यंत पावसाळी महिन्यांपैकीं एक. त्याहून महत्त्वाची गोष्ट उजेडाची. ऑक्टोबरच्या आरंभीं सूर्य सातच्या आंतबाहेर मावळतो. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारीं बहुतेक युरोपांत घड्याळें एक तास मागें घेतलीं जातात, आणि एका रात्रींत सूर्यास्त पांचच्या सुमारास येऊन ठेपतो. बसच्या वेळा घड्याळावर चालतात, सूर्यावर नव्हे. त्यामुळें जी सहाची परतीची बस ऑक्टोबरांत सोनेरी उन्हांत मिळते, तीच नोव्हेंबरांत दिवा नसलेल्या फाट्यावर, धुक्यांत उभें राहून धरावी लागते. लहान मुलें व वृद्ध बरोबर असतील तर याचा विचार घरींच झालेला बरा.

खरा पेंच मात्र निराळाच आहे. शेंगेन देशांच्या प्रवेश-परवान्यासाठीं अर्ज करतांना कोणत्या रात्रीं मुक्काम कोठें, हें सर्व लिहून द्यावें लागतें. हा अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत आणि निदान पंधरा दिवस अगोदर करावयाचा असतो. दिवाळींत जाणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्येंच तयारी करावी लागते. उलट डोंगरी गांवांच्या बसगाड्यांचें शरदांतील वेळापत्रक त्या वेळीं अजून लागू झालेलेंच नसतें. या बसगाड्यांचें मुख्य गिऱ्हाईक म्हणजे शाळेंत जाणारीं मुलें. शाळा सप्टेंबरच्या मध्यास उघडतात आणि त्याबरोबर बसच्या वेळा बदलतात. जुलैमध्यें पाहिलेलें वेळापत्रक उन्हाळ्याचें असतें. त्यावर भरंवसा ठेवून ऑक्टोबरचा बेत आंखणें म्हणजे गेल्या वर्षाच्या पंचांगावरून मुहूर्त काढणें होय. आगगाडीचें तसें नाहीं. तिच्या वेळापत्रकांत मोठे फेरबदल डिसेंबरांत व जूनमध्यें होतात. त्यामुळें शरदांत तें सहसा फारसें हलत नाहीं.

यांतून मार्ग निघतो तो असा. मुक्काम फक्त आगगाडीच्या रस्त्यावरील गांवीं करावे, आणि ते आधींच ठरवून टाकावे. जेथें केवळ बस जाते अशीं गांवें एका दिवसाच्या फेरीसाठीं राखून ठेवावीं, आणि तीं कोणत्या दिवशीं पाहावयाचीं हें तेथें पोंचल्यावर, फाट्यावरील ताजें वेळापत्रक वाचून ठरवावें. अर्जावर लिहून दिलेला बेत अशानें मोडत नाहीं आणि हातहि बांधले जात नाहींत.

परंतु तें वेळापत्रक वाचतां आलें पाहिजे. त्यांतील दोनतीन शब्दांनीं कित्येक परदेशी प्रवाशांना रस्त्यांत उभें केलें आहे. ‘फेरिआले’ हा शब्द पाहून, ‘फेरिए’ म्हणजे सुट्टी हें ज्याला ठाऊक आहे तो समजतो कीं ही सुट्टीच्या दिवसाची गाडी. अर्थ नेमका उलटा आहे! फेरिआले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. मूळ लॅटिन ‘फेरिया’चा अर्थ सणाचा दिवस असाच होता, परंतु ख्रिस्ती धर्मपीठानें आठवड्याचे दिवस मोजतांना सोमवारास दुसरा फेरिया, मंगळवारास तिसरा फेरिया असें म्हणावयास सुरुवात केली, आणि शब्दाचा अर्थ फिरला. रविवार व सणवार यांना ‘फेस्तीव्हो’ म्हणतात. ‘स्कोलास्तिको’ असें लिहिलेलें असेल तर ती गाडी केवळ शाळा भरते त्या दिवशींच धांवते. शनिवार कामाचा दिवस असला तरी तेथील पुष्कळ शाळा शनिवारीं बंद असतात, आणि मग बसहि नसते. यावरून एक साधा नियम निघतो: रविवार व सणाचे दिवस आगगाडीच्या गांवांना द्यावे, बसचीं गांवें मंगळवार-बुधवारीं पाहावीं. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा. ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिसचा दिवस. २०२६ पासून कायद्यानें तो पुन्हां राष्ट्रीय सुट्टीचा झाला आहे. त्या दिवशीं असिसीला जागा मिळण्याची आशा न धरणेंच बरें.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. दिवसाचा बेत सकाळच्या पहिल्या बसपासून आंखावयाचा नसतो. संध्याकाळच्या शेवटच्या बसपासून मागें मागें आंखीत यावयाचा असतो. चिव्हिता दी बान्योरेज्जो हें गांव याचें चांगलें उदाहरण आहे. ठिसूळ खडकाच्या सुळक्यावर वसलेलें, कडा ढांसळत ढांसळत मूठभर उरलेलें आणि एका लांब पादचारी पुलानें बाहेरच्या जगाशीं जोडलेलें हें गांव. २०१३ पासून तेथें प्रवेशासाठीं पैसे घेतात. ओर्व्हिएतोहून बान्योरेज्जोपर्यंत बस, तेथून गांव ओलांडून पुलापर्यंत पायीं. बसच्या फेऱ्या दिवसांत मोजक्याच, आणि रविवारीं त्या मुळींच नसतात. जो प्रवासी दुपारीं पुलावर पोंचून मग परतीची चौकशी करतो, त्याच्या वांट्याला बहुधा गांव पाहणें येत नाहीं. घड्याळ पाहणें येतें. उलट शेवटच्या नव्हे, तर तिच्या आधींच्या बसनें परतावयाचें असें ठरवून जो जातो त्याला एक गाडी हाताशीं शिल्लक राहते. गुब्बियोचेंहि असेंच. तेथें आगगाडी नाहीं. पेरूजियाहून तासाभराहून अधिक वळणावळणाचा बसरस्ता आहे. ज्यांना घाटांत मळमळतें त्यांनीं पुढची जागा धरावी.

तिकिटांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण येथें अजाणतेपणाला माफी नाहीं. जलद गाड्यांचें तिकीट जितकें आधीं घ्यावें तितकें स्वस्त पडतें व त्यांत जागा ठरलेली असते. डोंगरी गांवांना जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचें भाडें मात्र ठरीव असतें. आज घेतलें काय, महिन्याभरापूर्वीं घेतलें काय, किंमत तीच. कागदी तिकीट घेतल्यास गाडींत चढण्यापूर्वीं फलाटावरील यंत्रांत घालून त्यावर शिक्का उठवून घ्यावा लागतो. मोबाईलवर घेतलें असेल तर गाडींत बसण्यापूर्वीं त्यावर ‘चेक-इन’ची खूण करावी लागते. खिशांत पैसे देऊन घेतलेलें तिकीट असूनहि केवळ शिक्का नाहीं म्हणून दंड भरावा लागला, तर तो चटका फार लागतो. बसचें तिकीट तंबाखूच्या दुकानांत किंवा वर्तमानपत्रें विकणाऱ्याकडे मिळतें. गाडींत घेतल्यास बहुधा महाग पडतें. हीं दुकानें दुपारीं व रविवारीं बंद असतात, म्हणून परतीचें तिकीट सकाळींच घेऊन ठेवावें. तोस्काना प्रांतांत १ नोव्हेंबर २०२१ पासून सर्व बससेवा एकाच कंपनीकडे आहे, त्यामुळें तेथें निदान कोणत्या कंपनीची बस हा जुना घोळ उरलेला नाहीं.

बारा-तेरा दिवसांचा एक सुटसुटीत रस्ता असा होतो. रोमहून ओर्व्हिएतो, दोन रात्रीं. देवालयांतील सिन्योरेल्लीचीं जगाच्या अंताचीं भित्तिचित्रें पाहावीं आणि सांजोव्हान्नी नव्हे तर संत पात्रित्सियोच्या नांवाची ती खोल विहीर उतरावी. १५२७ सालीं रोम लुटलें गेल्यावर ओर्व्हिएतोच्या आश्रयास आलेल्या सातव्या पोप क्लेमेंटनें वेढा पडल्यास पाणी असावें म्हणून ती खोदविली. तिला एकमेकांभोंवतीं गुंफलेले दोन जिने आहेत. खालीं जाणारीं खेंचरें आणि पाणी घेऊन वर येणारीं खेंचरें यांची कधीं गांठच पडत नसे. पायऱ्या २४८, आणि त्या परत चढाव्या लागतात! तेथून ओर्ते येथें गाडी बदलून स्पोलेतो पाहत फोलिन्योला यावें. फोलिन्योपासून तेरोंतोलापर्यंत जाणारा जो रेल्वेचा फांटा आहे, त्यानें उम्ब्रिया प्रांतांतील गांवें जणूं एका दोऱ्यांत ओंविलीं आहेत: स्पेल्लो, असिसी, पेरूजिया, आणि मग त्राझिमेनो सरोवराच्या कांठानें पुढें. या फांट्यावर एकाच ठिकाणीं पांच रात्रीं राहावें. पेरूजिया गजबजलेलें पण सोयीचें. असिसी शांत, विशेषतः संध्याकाळीं यात्रेकरूंच्या बसगाड्या निघून गेल्यावर. स्पेल्लो या दोहोंहून लहान, आणि तेथें स्टेशनावरून सामान घेऊन चालत गांवांत जातां येतें. पुढें तेरोंतोलाला गाडी बदलून कोर्तोनाच्या पायथ्याचें कामुचा स्टेशन, तेथून अरेत्सो. शेवटीं फ्लॉरेन्सवरून सिएना. सिएनाला फ्लॉरेन्सहून आगगाडीपेक्षां जलद बस पुष्कळदां सोयीची, कारण ती गांवाच्या लगत आणून सोडते. परततांना सिएनाहून रोमला थेट बसगाड्या आहेत.

सान जिमिन्यानो, व्होल्तेर्रा, मोंतेपुल्चानो, पिएन्झा हीं सर्व गांवें एकाच खेपेंत उरकण्याचा मोह पुष्कळांना होतो. मोटार असेल तर तें जमतें. बसनें तसें करणाऱ्याचे दिवस फाट्यावर जातात.

मुक्काम माथ्यावर करावा कीं पायथ्याला? पायथ्याला स्वस्ताई असते व गाडी हाताशीं असते. तरीहि निदान दोन ठिकाणीं तरी वरच राहावें. दिवसाचे पाहुणे पांचसहाच्या सुमारास उतरून जातात. मग चौकांत गांवचींच माणसें उरतात, म्हातारे बांकावर बसतात, मुलें चेंडू खेळतात, आणि ज्या गांवासाठीं एवढा खटाटोप केला तें गांव तेव्हां कोठें दिसूं लागतें. याची किंमत द्यावी लागते ती सामानाच्या रूपानें. दगडी फरसबंदी आणि पायऱ्या यांच्यावर चाकांच्या मोठ्या पेट्या निरुपयोगी ठरतात. लहान स्टेशनांवर सामान ठेवण्याची जागा नसते. ज्याला जें स्वतः दोन मजले उचलून नेतां येईल तेवढेंच त्यानें घ्यावें. शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाहीं. घेवडे, मसूर, चणे यांचीं कालवणें उम्ब्रियांत घरोघर होतात, आणि तप्त तव्यासारख्या जाड चकतीवर भाजलेली ‘तोर्ता अल तेस्तो’ पाहून कोणाहि मराठी गृहिणीला आपल्या भाकरीचीच आठवण यावी. मात्र पिठांत डुकराची चरबी घातली आहे काय, हें विचारून घ्यावें. कांहीं ठिकाणीं घालतात.

संपाचीहि दखल घेतली पाहिजे. इटलींत वाहतुकीचे संप वरचेवर होतात, पण ते अगोदर जाहीर करून होतात, आणि पुष्कळदां शुक्रवारीं. कामाच्या दिवशीं संप असला तरी सकाळीं सहा ते नऊ व संध्याकाळीं सहा ते नऊ या वेळांत ठराविक प्रादेशिक गाड्या चालविल्या जातात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीं रोममध्यें येऊन राहावें, हा सल्ला एवढ्यासाठींच.

मराठी प्रवाशाला या मुलखांत आणखी एका गांवीं जाण्याचें कारण आहे. पेरूजियाच्या उत्तरेस, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, मोंतोने नांवाचें तटबंदीचें लहानसें गांव टेंकडीवर आहे. १९४४ च्या उन्हाळ्यांत याच खोऱ्यांतून हिंदी पलटणी जर्मनांना मागें रेटीत उत्तरेकडे चालल्या होत्या. १० जुलै १९४४ रोजीं मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून यंत्रबंदुकीचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सर्व जण मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर चालून गेले. त्यांनीं बाँब टाकून बंदूक निकामी केली, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरण्यास अवधि नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानें लोळविलें. लगेच लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनीं ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते कोलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव भागांतले. त्यांची समाधि कोठेंहि नाहीं. नांव कासिनो येथील स्मारकावर कोरलेलें आहे. जुलै २०२३ मध्यें मोंतोने येथें त्यांच्या नांवानें एक स्मारक उभारण्यांत आलें, आणि तें छायेवरून वेळ दाखविणाऱ्या घड्याळाच्या रूपांत आहे. अरेत्सो येथील युद्धस्मशानांतहि अनेक हिंदी सैनिक विसांवले आहेत. तें गांव वर सांगितलेल्या रस्त्यावरच लागतें.

मोंतोनेला जाणें हें मात्र या सर्व प्रवासांतील अवघड अंग. जवळचें स्टेशन उंबेर्तीदे. पेरूजियाकडून तेथें जाणारी खोऱ्यांतली रेल्वे २०१७ सालीं दुरुस्तीसाठीं बंद झाली होती व पुढें टप्प्याटप्प्यानें उघडली. म्हणून त्या आठवड्यांत आगगाडी धांवते आहे कीं तिच्याऐवजीं बस, हें पेरूजियाच्या स्टेशनावर आधीं विचारून घ्यावें. उंबेर्तीदेहून वर गांवापर्यंतच्या बसचा भरंवसा शाळेच्या दिवसांपुरताच धरावा. जातांना बस मिळाली तरी येतांना टॅक्सी सांगून ठेवावी, आणि ती आदल्या दिवशींच, मुक्कामाच्या घरमालकाकडून फोन करवून. अशा गांवांत टॅक्सी रस्त्यांत उभी नसते. घरून निघतांना सकाळची गाडी धरावी. स्मारक सूर्याचें आहे, तें दुपारच्या आंत, ऊन असतांना पाहावें. आणि महिना नोव्हेंबर असेल तर चारच्या पुढें टेंकडीवर थांबूं नये.